तीन दरपत्रकं आणि एक गेमिंग कॉम्प्युटर

देवराव खंडारे यांनी तीन दरपत्रकं न मागवता आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे लग्न. ते चांगलं निभावलं, हे ते स्वतःच कबूल करत. पण नियमाला अपवाद एकच असावा असं त्यांचं म्हणणं होतं. पाटबंधारे खात्याच्या भांडारात एकतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही तुरीची डाळ आणायची तर तीन दुकानांचे भाव कागदावर लिहून आणायचे, खाली तारीख टाकायचे आणि सही करायचे. डाळ शिजायची ती मात्र त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, सहीशिवायच.

तर अशा माणसाला त्यांच्या पत्नीने एका सकाळी चहा देता देता सांगितलं, "मले एक कॉम्प्युटर घ्याचा आहे."

"कायच्यासाठी?"

"गेम खेळाले."

देवरावांनी कप खाली ठेवला. मनकर्णाबाई एकोणसाठ वर्षांच्या. चांदूर रेल्वेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवून वर्षभरापूर्वी निवृत्त झालेल्या. रोज अमरावतीहून एसटीने जायच्या आणि एसटीने यायच्या. मे महिन्यात त्यांचा मुलगा धम्मदीप नागपूरहून आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर बस चालवायचा एक गेम होता. पहाडातला रस्ता, एका बाजूला दरी, मागे प्रवासी भरलेले. "आई, पाहतेस का चालवून?" असं तो सहज म्हणाला आणि पुढचे चार दिवस त्याला लॅपटॉप मिळाला नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी बस न ठोकता गावात आणली. गिअर कधी टाकायचा आणि ब्रेक कधी सोडायचा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हरच्या बाजूला बसून त्या दुसरं काय पाहत होत्या?

धम्मदीप गेला आणि लॅपटॉपही गेला. तेव्हापासून बाई फोनवर तोच गेम खेळत होत्या.

"फोनवर होत नाही का?" देवरावांनी विचारलं.

"होते. पन पाचव्या वळनावर फोन अडकते. काल बस दरीत गेली. बत्तीस सवाऱ्या होत्या."

हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की देवरावांनी नकळत चष्मा काढला.

"साठ हजार," बाई म्हणाल्या. "माह्या पगाराच्या फरकाचे आहेत. त्याच्यावर एक रुपयाही जास्त लावाचा नाही. तेवढ्यात जे बसन ते बसवू."

साठ हजार हा आकडा ऐकताच देवरावांच्या अंगात जुनं भांडार जागं झालं. निवृत्तीनंतर डाळ-तांदळावर दिवस काढणाऱ्या माणसासमोर अशी खरेदी येणं म्हणजे काय, हे ज्याने मोठ्या निविदा उघडल्या आहेत त्यालाच कळेल. ते म्हणाले, "खरेदी माह्यावर सोड."

"आधी मी जरा अभ्यास करते," बाई म्हणाल्या.

खरेदीला अभ्यास कशाला लागतो, हे देवरावांना कळलं नाही. पण पत्नीने दोनशे पानी वही आणली, समास आखला, आणि रोज दुपारी फोनवर व्हिडिओ लावून त्या टिपणं काढू लागल्या. प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्ड म्हणजे ते डोकं आणि बाकी सगळं ज्यावर बसवायचं ती पाटी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारा भाग, हाच सगळ्यांत महाग. प्रत्येकाला स्वतंत्र पान, पानाच्या खाली गुण. आठवडा झाला तरी बाई खरेदीचं नाव काढेनात. एका पानावर तर त्यांनी गुण देऊन पुन्हा खोडले होते आणि बाजूला लिहिलं होतं, 'फेरतपासणी'.

दरम्यान ही बातमी कुंपणापलीकडे गेली. शेजारचे केशवराव ढोमणे बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही असा विषय त्यांना अजून भेटला नव्हता. ते कुंपणाला टेकून म्हणाले, "देवरावजी, कॉम्प्युटरचा डबा पांढरा घ्या. काळा नोका घेऊ."

"काहून?"

"अमरावतीचं ऊन. काळा डबा तापते. अन् रॅम जेवढी भेटन तेवढी घ्या. मानसाले काय अन् मशीनले काय, मेमरी कमी पडली का संपलं."

देवरावांनी दोन्ही मुद्दे लिहून घेतले. तज्ज्ञाचं मत फुकट मिळत असेल तर ते फाइलला लावावं, अशी त्यांच्या खात्याची पद्धत होती.

मग मनकर्णाबाई दोन दिवसांसाठी वलगावला बहिणीकडे गेल्या, आणि देवरावांना वाटलं की हीच वेळ. बायको परत येईल तेव्हा सगळं टेबलावर मांडलेलं असावं. त्यांनी शहरातली तीन दुकानं गाठली. प्रत्येक ठिकाणी सामानाची यादी दिली आणि म्हणाले, "दरपत्रक द्या, शिक्क्यासहित." पहिल्या दुकानात शिक्का नव्हता. दुसऱ्यात होता, पण तो दुकानदाराच्या सासऱ्याच्या खताच्या दुकानाचा होता. तिसऱ्या दुकानात प्रीतम नावाचा चटपटीत माणूस होता. त्याने शिक्का, सही आणि वर चहा, असं सगळं दिलं.

घरी येऊन देवरावांनी तुलनात्मक तक्ता केला. उभे रकाने, आडव्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत जो भाव सगळ्यांत कमी त्याच्याभोवती लाल पेनाने गोल. प्रोसेसर पहिल्या दुकानात स्वस्त. मदरबोर्ड प्रीतमकडे स्वस्त. डबा, म्हणजे ज्यात हे सगळं बसतं तो कॅबिनेट, दुसऱ्या दुकानात इतका स्वस्त की त्यासोबत वीज पुरवणारा पॉवर सप्लाय फुकट होता. रॅम केशवरावांच्या सल्ल्याने दुप्पट. डबा पांढरा. एकतीस वर्षांत इतका स्वच्छ तक्ता आपण केला नव्हता, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही दुकानांत जाऊन माल उचलला. ग्राफिक्स कार्ड तेवढं बाकी ठेवलं, कारण त्याच्या किमती पाहून त्यांना आधी घरी येऊन पाणी प्यावं लागलं.

बाई वलगावहून आल्या तेव्हा जेवणाच्या टेबलावर भरतकामाचा टेबलक्लॉथ पसरलेला होता. हा टेबलक्लॉथ फक्त धम्मदीपच्या सासरचे येतात तेव्हा निघतो. त्यावर सगळे खोके उंचीप्रमाणे मांडलेले, आणि समोर तक्ता. देवराव बाजूला उभे होते. मोठी कामं करणारा माणूस अशा वेळी गप्प राहतो.

बाईंनी चष्मा लावला. प्रोसेसरचा खोका उचलला, त्यावरची अक्षरं वाचली. मदरबोर्डचा खोका उचलला, वाचला. डब्याभोवती एक चक्कर मारली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "लय मेहनत केली तुमी. चहा ठेवू का?"

एवढंच. देवराव चहा प्याले, पण त्यांना तो जरा पातळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आडव्या झाल्या असताना देवराव आणि केशवराव जुळणीला बसले. जुळणी म्हणजे काय, प्रोसेसर मदरबोर्डच्या चौकोनात ठेवायचा. देवरावांनी तो ठेवला. तो बसेना. फिरवून ठेवला. बसेना. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं तर प्रोसेसरच्या पोटाला बारीक बारीक पिना होत्या, आणि मदरबोर्डच्या चौकोनातही पिनाच होत्या. भोकं कुठंच नव्हती.

"जरासा जोर लावा," केशवराव म्हणाले.

या जगात जे काही तुटतं ते बहुतेक याच सल्ल्याने तुटतं. पण देवरावांचा हात थांबला. भांडारात त्यांनी चुकीच्या मापाचे नट-बोल्ट हजारांनी पाहिले होते. जे बसत नाही ते बसत नाही, एवढं त्यांना समजत होतं. त्यांनी दोन्ही वस्तू मुकाट्याने खोक्यात ठेवल्या आणि प्रीतमचं दुकान गाठलं.

प्रीतमने खोके पाहिले. "काका, प्रोसेसर एका कंपनीचा अन् मदरबोर्ड दुसरीच्या प्रोसेसरसाठीचा. हे सात जन्मात बसनार नाही."

"मंग तुमी देताना सांगितलं काहून नाही?"

"तुमी मले भाव विचारला, काका. जोडी जमते का हे कुठं विचारलं?"

देवरावांनी खिशातून बिल काढलं. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं होतं. तरीही ते घरी गेले, माल परतीचा रीतसर अर्ज तीन प्रतींत लिहिला, विषय आणि संदर्भ टाकला, आणि परत येऊन प्रीतमला दिला. प्रीतमने तो आदराने वाचला. "मा. महोदय" या शब्दांवर तो जरा थांबला. त्याला आजवर कुणी तसं म्हटलं नव्हतं. मग म्हणाला, "काका, अर्ज लय चांगला आहे. पन मी याचं करू काय? अकोल्यात एक पोरगी आहे, पायल मेश्राम. जुना-नवा माल बदलून देते. तिच्याकडे जाऊन पाहा."

घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. पैसे बायकोचे. तिच्या अठ्ठावीस वर्षांतले. आणि वापरले कुणी, तर ज्याने कुणी सांगितलं नसताना खरेदी अंगावर घेतली त्याने. देवरावांनी आयुष्यात भांडारातला एक खिळा कमी पडू दिला नव्हता. शेवटी रात्री जेवताना ते म्हणाले, "उद्या अकोल्याले जातो. एका जुन्या दोस्ताच्या पेन्शनचं काम आहे."

"मीही येते," बाई म्हणाल्या. "बरेच दिवस झाले अकोल्याले जाऊन."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. देवरावांनी मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला, वर पंचा, त्यावर पाण्याची बाटली.

बस बडनेरा सोडून पुढे लागली. दोन्ही बाजूंना कापूस, मधे तूर. खिडकीतून गरम वारा येत होता. पाणी काढायला म्हणून देवरावांनी पिशवीत हात घातला तर टॉवेल वेगळा, घडी घातलेला. आणि मदरबोर्ड एका चंदेरी पिशवीत, त्यावर खोका, खोक्यावर रबरबँड.

"टॉवेलात गुंडाळू नाही," खिडकीबाहेर पाहत मनकर्णाबाई म्हणाल्या. "टॉवेलाची वीज लागते त्याले."

देवरावांनी पाण्याची बाटली न उघडताच परत ठेवली. मग म्हणाले, "तुले कधीपासून मालूम होतं?"

"खोक्यावरची अक्षरं वाचली तवाच."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी टेबलक्लॉथ टाकला होता," बाई म्हणाल्या.

मूर्तिजापूर येईपर्यंत देवराव पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहत होते. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई आपल्याला असं किती वेळा सांभाळून गेली असेल, आणि आपल्याला पत्ताही लागला नसेल, याचा ते हिशेब करत होते. तो काही तक्त्यात बसेना.

पायल मेश्रामचं दुकान कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, केस वर बांधलेले, समोर उघडलेली पाच-सहा मशीनं. देवराव पुढे झाले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी देवराव खंडारे, सेवानिवृत्त भांडारपाल—"

पायल त्यांच्या मागे पाहत उभी राहिली. "खंडारे मॅडम का? फोनवरच्या?"

म्हणजे खोके पाहिले त्याच दिवशी बाईंनी हा पत्ता शोधला होता आणि तेव्हापासून त्या या मुलीशी फोनवर बोलत होत्या. देवरावांना स्टूल मिळालं. त्या दिवशी अकोल्यात त्यांचं काम पुढचे तीन तास त्या स्टुलावर बसणं एवढंच होतं. पण जे पाहिलं ते त्यांनी नंतर अमरावतीत इतक्या जणांना सांगितलं की काही लोक रस्ता बदलू लागले.

मदरबोर्डचा सौदा दहा मिनिटांत झाला. प्रोसेसरला जमेल असा दुसरा मिळाला, वर हजार-बाराशे गेले. बाईंनी स्वतःच्या पिशवीतून जास्तीची रॅम काढून परत दिली. "एवढी नाही लागत. ते पैसे दुसरीकडे कामाचे आहेत," त्या म्हणाल्या. मग त्याच पिशवीतला फुकटात आलेला पॉवर सप्लाय टेबलावर ठेवून त्यांनी पायलकडे पाहिलं, आणि पायलने बाईंकडे. पायलने तो फुंकर मारून बाजूला सारला आणि कपाटातून चांगला जड सप्लाय काढला.

"आमच्या गल्लीत व्होल्टेज उड्या मारते," बाई देवरावांना समजावत म्हणाल्या. "बाकी कशात काटकसर चालते. हा जळला तं सोबत सगळ्यांले घेऊन जाते."

राहिलं ग्राफिक्स कार्ड. नवं घेतलं तर साठ हजारांची भिंत कोसळत होती. पायलकडे जुनी दोन होती, एका बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतली. एक तीन पंख्यांचं, चकचकीत, लाल निळे दिवे असलेलं. दुसरं दोन पंख्यांचं, साधं, कोपऱ्यावर ओरखडा. देवरावांनी तिथेच मनातल्या मनात तीन पंख्यांवर गोल केला. किंमत जवळपास सारखी होती, आणि सारख्या किमतीत एक पंखा जास्त.

बाईंनी वही उघडली. "पायल, दोन्ही एक-एक तास चालवून दाखवशील? पूर्ण ताकदीनं."

"मॅडम, गिऱ्हाइकं पाच मिनिटं पाहतात."

"मी गनिताची आहे. मले वेळ लागते."

मग त्या अकोल्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात, पत्र्याखालच्या दुकानात, मनकर्णाबाई दर पाच मिनिटांनी पडद्यावरचं तापमान वहीत उतरवत बसल्या. डोक्याला पदर, हातात पेन. तीन पंख्यांचं कार्ड पहिली वीस मिनिटं जोरात पळालं. मग तापत गेलं, तापत गेलं, आणि पन्नासाव्या मिनिटाला चित्र एकदा थरथरलं. पायलच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं. साध्या कार्डाने पहिल्यापासून एकच चाल धरली आणि तासाच्या शेवटीही तीच होती. बाईंनी वहीत आलेख काढला. दोन रेघा. एक वर चढत गेलेली, एक आडवी.

पायलने तो आलेख बराच वेळ पाहिला. "मॅडम, मी चार वर्षं हे काम करून राहिली. असं कोनी करत नाही."

"पेपर तपासताना पह्यलं पान पाहून गुन देता येत नाहीत," बाई म्हणाल्या आणि ओरखडा असलेलं कार्ड पिशवीत ठेवलं. देवराव स्टुलावरून उठले. आपण आयुष्यभर वस्तू विकत घेतल्या, पण एकही अशी पाहिली नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी पिशवी स्वतः उचलली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.

आता पुढचं काही अडणार नाही, असं वाटायला हरकत नव्हती. पण स्वस्त डबा अजून घरी होता. कार्ड त्यात जाईना. दोन बोटं कमी पडत होती. आत एक लोखंडी कप्पा होता, कशासाठी ते ठाऊक नाही, आणि तो रिबिटांनी ठोकलेला होता.

केशवराव कुंपणावरून येऊन पाहून म्हणाले, "कार्डाचं टोक कापता येन का?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे जसं पाहिलं ते पाहणं अठ्ठावीस वर्षांत शेवटच्या बाकावरच्या मुलांच्याच वाट्याला आलं असेल. केशवराव चहा न घेता गेले.

बाईंनी पट्टीने मापं घेतली आणि डबा रिक्षात घालून चंद्रभानच्या वर्कशॉपमध्ये नेला. चंद्रभान लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. त्याने आजवर कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण बाईंनी खडूने खुणा करून दिल्या आणि त्या खुणांवर ड्रिल धरायला सांगितलं. चार रिबिटा उडाल्या, कप्पा बाहेर आला. "बाई, गेटचं काम असलं तं सांगा," चंद्रभान म्हणाला आणि पैसे घ्यायला तयार होईना.

जुळणी बाईंनी केली. देवरावांनी एक काम मात्र स्वतःहून घेतलं. निघालेला प्रत्येक स्क्रू त्यांनी वेगळ्या वाटीत ठेवला, वाटीवर चिठ्ठी लावली, आणि बाईंनी हात पुढे केला की न विचारता नेमका तोच स्क्रू त्यांच्या तळहातावर आला. एकही चुकला नाही, एकही उरला नाही. बाई एकदा म्हणाल्या, "असा मानूस शाळेत असता तं प्रयोगशाळेतलं सामान हरवलं नसतं." देवरावांनी हे ऐकून वाट्यांची ओळ पुन्हा सरळ केली.

रविवारी सकाळी मशीन तयार झालं. केशवराव सपत्नीक आले. समोरचे दोघं तिघं आले. बाईंनी बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. तरी नाही. आणि मग घरात जे सुरू झालं त्याला सल्ला म्हणणं कमी आहे. कुणी म्हणालं प्लग बदला. कुणी म्हणालं नारळ फोडायला हवा होता. केशवराव म्हणाले पांढरा डबा आहे म्हणून निदान तापला तरी नाही. साठ हजारांपैकी तीनशे साठ रुपये शिल्लक होते, आणि समोर एक पांढरी पेटी मेल्यासारखी उभी होती.

मनकर्णाबाई खुर्चीवरून उठल्या. "सगळ्यांनी बाहेर ओसरीवर बसा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण केशवराव सगळ्यांत आधी गेले.

देवरावांना तेवढं आत ठेवून, दार लावून त्यांनी एकेक वायर काढली. वहीत खूण केली, पुन्हा लावली. प्रोसेसर ठीक. रॅम ठीक. कार्ड काढून पाहिलं, तरी तेच. तासाभराने त्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक मदरबोर्डच्या दोन बारीक पिनांना टेकवून थांबल्या. पंखे फिरले. पडद्यावर अक्षरं आली.

"मशीन चांगली आहे," त्या म्हणाल्या. "डब्याचं बटन मेलेलं आहे."

देवराव खाली बसले. डबा. त्यांच्या तक्त्यातला, लाल गोलातला डबा. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि आपला लाकडी खण उपसू लागले. त्या खणात बावीस वर्षांत फेकायच्या राहिलेल्या सगळ्या वस्तू होत्या, आणि दर दोन महिन्यांनी तो खण फेकायचा विषय घरात निघत असे. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात दाराच्या बेलचं एक जुनं बटण होतं, पितळी कड असलेलं. "हे चालन का? दाबलं का जोडते, सोडलं का तोडते."

बाईंनी बटण हातात घेतलं, वळवून पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "हेच तं पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या.

दोन वायरी, थोडी टेप. पितळी बटण पांढऱ्या डब्याच्या कपाळावर बसलं. ते दाबायचा मान बाईंनी देवरावांना दिला. त्यांनी दाबलं, आणि बटण बेलसारखं असं टक्क वाजून मशीन सुरू झालं की ओसरीवर बसलेल्या लोकांना कोण आलं ते पाहावंसं वाटलं.

त्या दिवशी बाईंनी बस घाटात घातली. पाचवं वळण आलं, गेलं. अकरावं गेलं. वर पोचल्यावर त्यांनी हँडब्रेक ओढला आणि प्रवासी उतरेपर्यंत इंजिन बंद केलं नाही.

ही गोष्ट इथं थांबायला हरकत नव्हती. पण महिनाभराने पायलचा फोन आला आणि तो देवरावांनी घेतला. पातूरच्या एका अभ्यासिकेला आठ कॉम्प्युटर हवे होते, कमी पैशांत, मुलामुलींसाठी. अनुभवी माणूस सोबत हवा होता. देवराव म्हणाले, "मी निवृत्त आहो, पन एवढ्यासाठी वेळ काढता येईन."

"काका, काकू आहेत का?" पायलने विचारलं.

काकू होत्या. त्या तीन आठवडे आठवड्यातून दोनदा अकोल्याला गेल्या आणि पायलसोबत आठही मशीनं उभी केली. प्रत्येकाची वही वेगळी, प्रत्येकाचा आलेख वेगळा. उद्घाटनाला दोघंही पातूरला गेले. शामियाना होता, सतरंज्या होत्या, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर फलक होता. देवराव पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते. अध्यक्षांनी कागद पाहून जाहीर केलं, "आता अमरावतीचे संगणक तज्ज्ञ श्री. खंडारे सर यांचा सत्कार." टाळ्या झाल्या. कुणीतरी देवरावांना हाताला धरून व्यासपीठावर नेलं, गळ्यात हार घातला आणि शाल उघडली.

सगळ्या नोकरीत देवरावांना निरोपाच्या दिवशी एक शाल मिळाली होती, तीही इतर पाच जणांसोबत. समोर दीडशे माणसं होती. कुणाला काही कळलं नसतं.

त्यांनी शाल अंगावर पडायच्या आधी हाताने अडवली आणि माइकजवळ गेले. "एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "माहं नाव देवराव. यातली एकही मशीन मी लावली नाही. मी लावली असती तं एकही चालली नसती, हे मी लेखी देऊ शकतो. खंडारे सर त्या तिकडे आहेत. आठव्या टेबलाखाली."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आठव्या टेबलाखालून आधी एक स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला, मग केसांना धूळ लागलेल्या मनकर्णाबाई. "थांबा जरा," त्या म्हणाल्या, "याची वायर सैल आहे," आणि पुन्हा आत गेल्या. टाळ्या त्या बाहेर येईपर्यंत चालू राहिल्या.

शाल बाईंना मिळाली, नारळही त्यांनाच मिळाला. हार काढून द्या असं मात्र देवरावांना कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही विषय काढला नाही. परतीच्या बसमध्ये तो त्यांच्या गळ्यात मूर्तिजापूरपर्यंत होता.